डाव्या कोपऱ्यातली अक्षरं

“लिही. अर्थ पहिला: मान, योग्यता.”

मी पेन उचललंच नाही. “ताई, दुसऱ्याच शब्दाचं सांगताय का? आपण ‘डेंटी’वर आहोत. डेंटी म्हणजे नाजूक.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे कुणी? कॉलेजात आमच्या मॅडम म्हणायच्या, डेंटी फ्लॉवर्स, डेंटी हँडरायटिंग. सगळ्या जगाला माहीत आहे.”

“जगाला आजचं माहीत असतं,” यमुताई म्हणाल्या. “कोशवाल्याला कालचंही माहीत असावं लागतं. लिही मुकाट्यानं. मान, योग्यता. पुढं कंसात ‘लुप्त’ लिही, म्हणजे तुझ्या मॅडमचा जीव घाबरा व्हायचा नाही.”

मी लिहिलं. एक्याऐंशी सालचा जानेवारी होता, मी चोवीस वर्षांची होते आणि मला आपल्याला इंग्रजी येतं याची भलतीच मिजास होती. तासगावच्या सायकल दुरुस्तीवाल्या माळ्याची पोरगी एम. ए. झाली आणि सांगलीच्या कोशमंडळात लागली, म्हणून आमच्या आळीत पेढे वाटले होते. नेमणूक अकरा महिन्यांची, मार्चअखेर संपणारी, हे मात्र आळीत कुणाला सांगितलं नव्हतं.

कोशमंडळाची कचेरी हरभट रोडच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या मुलींच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर. इंग्रजी शब्द कुठून आला, त्याचा अर्थ कसा बदलत गेला आणि मराठीत त्याला काय म्हणावं, असा मोठा कोश तिथं चालला होता. एकोणीस वर्षांत ए, बी, सी एवढी तीन अक्षरं झाली होती. आता ‘डी’ चालू होतं. प्रमुख संपादक दप्तरदार सर. त्यांच्या खालोखाल, पण नुसत्याच सहायक म्हणून, यमुना खांबेटे, म्हणजे आमच्या यमुताई. आणि मग मी.

दिवाळीपासून यमुताईंच्या उजव्या हाताची बोटं संधिवातानं आखडली होती. पेन धरवत नव्हतं. म्हणून त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायची. हातात कागद नाही, पुढ्यात पुस्तक नाही. खिडकीकडं बघत बोलायच्या.

“फ्रेंचांकडून आलाय हा. मूळ लॅटिन. डिग्निटी आणि डेंटी एकाच आईची लेकरं. आधी अर्थ मान. मग ज्याला मान द्यावा अशी गोष्ट. मग पंगतीत मानकऱ्याच्या पानात पडायचा तो निवडक पदार्थ. आपल्याकडं मानाचा विडा असतो ना, तसं. तिथून नुसतं चवदार. मग चवीवरून डोळ्यावर आला, सुरेख, नाजूक, घडीव. आणि शेवटी? खाण्यापिण्यात नखरे करणारा. आता तर चहाचा कपसुद्धा डेंटी असतो. कुठून निघाला आणि कुठं येऊन बसला बघ.”

“म्हणजे शब्दाची घसरगुंडीच झाली की.”

“घसरगुंडी नाही म्हणायची. शब्द काय गुन्हा करतो? लोक मान काढून घेतात आणि देखणेपण ठेवतात. बायकांचं असतं तसंच.” आणि त्या हसल्या. “हे शेवटचं लिहू नकोस हं.”

दप्तरदार सर मागं येऊन उभे होते ते आम्हाला कळलंच नाही. पांढरं धोतर, काळा कोट, कानामागं तांबडी पेन्सिल. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

“खांबेटेबाई, सहा अर्थ? वाचकाला एक पुरे. नाजूक, गोंडस. संपलं.”

“सर, आपण व्युत्पत्तिकोश करतोय ना?”

“पानं मोजकी आहेत बाई.”

“मग ‘डेंटिस्ट’वरची दहा ओळींची टीप काढा. ती तुम्ही घातलीय. शब्दाला आधी मान होता, मग तो नाजूक झाला. आपण उलटं लिहायचं का?”

सरांनी हातात घेतलेली तांबडी पेन्सिल पुन्हा कानामागं गेली. अशी जुगलबंदी रोज एकदा तरी व्हायची आणि जिंकायच्या बहुधा ताईच. मला भारी गंमत वाटायची. सरांना वाटत नसावी.

आता आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच झाला. प्रत्येक शब्दाचं एक जाड कार्ड. कार्डाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, ज्यानं तो शब्द अभ्यासला त्याची आद्याक्षरं. उजव्या कोपऱ्यात, ज्यानं नुसतं हातानं लिहून काढलं त्याची. डावा कोपरा डोक्याचा, उजवा हाताचा, असं कचेरीत म्हणत. ताईंच्या शब्दांवर डावीकडं ‘य. खां.’ आणि उजवीकडं ‘स. मा.’, म्हणजे मी, सरोज माळी. मला स्वतःला दिलेले शब्द साधे होते, डायनॅमो, ड्रिल, डिपो असले. त्यांच्यावर डावीकडं ‘स. मा.’ आणि उजवा कोपरा मोकळा. ताईंना दोन अक्षरंसुद्धा काढवत नव्हती, म्हणून “माझीही तूच घालत जा,” असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सह्या रोज होत नसत. शनिवारी आठवड्याभराची कार्डं एकत्र घेऊन कोपरे भरायचे, गठ्ठा बांधायचा आणि सरांच्या कपाटात टाकायचा. एकदा कपाटात गेलं की कार्डाला कुणी हात लावायचा नाही. बदल करायचाच तर दुरुस्ती-चिठ्ठी भरायची, दोघांनी सह्या करायच्या, सरांच्या समोर. पाच मिनिटांचं काम.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी मला दोनची एस. टी. गाठायची होती. चुलतबहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि आईनं बजावलं होतं, चहा तू घेऊन यायचंस, म्हणजे शिकलेली बहीण दिसेल. तीन आठवड्यांच्या सह्या तुंबल्या होत्या. दोनशेवर कार्डं, बहुतेक सगळी ताईंच्या शब्दांची. मी पत्ते पिसावेत तशी भराभरा कार्डं पुढं ओढत गेले आणि डाव्या कोपऱ्यात स. मा., स. मा., स. मा. ठोकत सुटले. गठ्ठा बांधला, कपाटात टाकला, पळाले.

चूक लक्षात आली ती रविवारी सकाळी, घरी. वडील दुकान उघडायच्या आधी चहा पीत बसले होते. म्हणाले, “सरू, तुझं काम तरी काय असतं, दाखव की मला.” मी त्यांच्याच पावतीच्या पाठीवर चौकोन काढला, मधे ओळी ओढल्या. “आणि इथं डावीकडं ताईंची अक्षरं, उजवीकडं माझी,” असं म्हणताना माझा हात थांबला.

“काय झालं?”

“दादा, मी दोनशे कार्डांवर चुकीच्या जागी सही केली.”

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “मग उद्या सांगून टाक की. त्यात काय एवढं? मी परवा एकाच्या सायकलीला दुसऱ्याचं चाक लावलं होतं. बोलावून बदलून दिलं.”

त्यात खरंच काही नव्हतं. हे मी आज अगदी शपथेवर सांगते. सोमवारी दहा वाजता ताईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, “वेंधळी आहेस,” आणि आम्ही दोघी सरांकडं गेलो असतो. पण सोमवारी मी जिना चढले तर सूचनाफलकापुढं ताई उभ्या होत्या. मागं वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा फुलला होता.

“सरोज, वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा टेबलावर राहिलाय.”

मी वाचलं. मंडळानं सहसंपादकाची एक जागा मंजूर केली होती. ‘डी’ अक्षरावर काम करणाऱ्यांमधून निवड होईल. बाहेरची समिती पुढच्या आठवड्यात मंगळवारी येऊन शेवटच्या गठ्ठ्यातली कार्डं पाहील. सहसंपादकाचं नाव खंडाच्या पहिल्या पानावर छापलं जाईल. निवृत्तीचं वय अठ्ठावन्नाऐवजी साठ.

“जूनमध्ये मला अठ्ठावन्न पुरी होतात,” ताई म्हणाल्या. “म्हणजे ‘डी’ माझ्या डोळ्यांदेखत छापून होईल. कदाचित ‘ई’ सुद्धा. आधीच्या तिन्ही खंडांत काय छापलंय माहिती आहे ना? ‘कार्यालयातील सहकाऱ्यांचे आभार.’ सहकारी! एकोणीस वर्षं मी त्या सहकाऱ्यांत आहे. एक ओळ, सरोज. पहिल्या पानावर एक ओळ. मला हाव सुटलीय बघ त्या ओळीची.”

मी काय केलं असेल? मी “होईल की ताई,” म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले. ‘डी’वर काम करणारे आम्ही दोघीच होतो. म्हणजे जागा त्यांची नाही तर माझी. आणि माझी नाही झाली तर मार्चअखेर पेटी उचलून तासगाव. दुपारी सांगू म्हटलं. दुपारी म्हटलं, उद्या सांगू. मग मनात यायला लागलं, समिती कोपरे कशाला बघतेय? सगळ्यांना माहीतच आहे काम कुणाचं ते. मग असंही आलं की समजा बघितलेच कोपरे, तर मी काही मुद्दाम केलेलं नाही. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो! मला तर त्या आठवड्यात झोपही छान लागली, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, पण मी ती धरली नाही. यमुताई विश्रामबागला राहायच्या आणि साडेपाचच्या बसनं जायच्या. पाच पंचविसाला त्यांचा डबा पिशवीत गेलेला असायचा, त्यावर घड्याळ लावावं. त्या आठवड्यात, गुरुवारपासून, त्या निघेनात. साडेपाच वाजले, सहा वाजायला आले तरी समोर बसून.

“ताई, बस गेली की तुमची.”

“जाऊ दे. दुसरी येते.” मग माझ्याकडं बघून, “काही बोलायचंय का तुला?”

“नाही बाई. मला काय बोलायचंय?”

“बरं.”

शुक्रवारी हेच. शनिवारी हेच. सोमवारी तर त्यांनी भडंगाची पुडी आणली होती, दोघींच्या मधे सोडून ठेवली, आणि आम्ही कितीतरी वेळ नुसतं भडंग खात बसलो. “काही राहिलंय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “संपलं की सगळं, ताई.” मी पुडीबद्दल बोलतेय असं दाखवलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि उठल्या.

मंगळवारी समिती आली. अध्यक्ष प्राचार्य घैसास. भारदस्त माणूस, पण कानानं अधू, त्यामुळं बोलणं गच्चीवर ऐकू जाईल असं. आधी मला बोलावलं. टेबलावर माझा तो गठ्ठा सुटून पडला होता. घैसासांच्या हातात ‘डेंटी’.

“मिस माळी, हे टिपण मी दोनदा वाचलं. पहिला अर्थ मान! माझी तीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली, मला हे ठाऊक नव्हतं. खाली तुमची अक्षरं आहेत. हे कसं सुचलं तुम्हाला?”

दप्तरदार सर शेजारी बसले होते. तांबडी पेन्सिल बोटांत फिरवत माझ्याकडं बघत होते. दार माझ्या मागं होतं. ‘सर, ते माझं नाही’, इतकंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून जे आलं ते असं: “सर, फ्रेंचांकडून आलाय हा. मूळ लॅटिन. डिग्निटी आणि डेंटी एकाच आईची लेकरं.”

आणि मग मी बोलतच सुटले. मानकरी, पंगत, मानाचा विडा, चवीवरून डोळ्यावर आला. ताईंचे शब्द, ताईंचे थांबे, हातवारेसुद्धा ताईंचे. घैसास खूश होऊन मान डोलवत होते. “लोक मान काढून घेतात आणि देखणेपण ठेवतात,” हेही मी बोलून गेले. “वाहवा!” ते म्हणाले. “हे लिहायला हवं होतंत.”

बाहेर आले तर बाकावर यमुताई बसल्या होत्या. जांभळी इरकल नेसल्या होत्या. घैसासांचा शब्दन्‌ शब्द बाहेर आला असणार आणि माझं उत्तरही काही फार हळू नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपल्या ओळखीचं माणूस आहे की दुसरंच कुणी, असं बघावं तसं. मग त्या आत गेल्या आणि त्यांच्या जागी बाकावर मी बसले.

“खांबेटेबाई, रागावू नका,” घैसासांचा आवाज आला, “पण ‘डे’पासून ‘डि’पर्यंतच्या दोनशे कार्डांत तुमची अक्षरं मला कुठं दिसली नाहीत. या तीन आठवड्यांत आपण काय काम केलंत?”

मी बाकाची कड धरून ठेवली होती. आता त्या सांगतील, आता मला आत बोलावतील, असं वाटत होतं, आणि खरं सांगते, बोलावलं तर बरं, असंही वाटत होतं.

“माझी बोटं चालत नाहीत,” ताई म्हणाल्या. “दिवाळीपासून मी माझ्या हातानं एक अक्षरही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे काम…”

“कार्डं तुमच्यासमोर आहेत, सर. त्यापेक्षा मी जास्त काय सांगणार?”

संध्याकाळी फलकावर माझं नाव लागलं.

रविवारी मी विश्रामबागला गेले. दोन खोल्यांचं घर, सगळीकडं पुस्तकं, स्टुलावर मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं, आणि त्यात ताईंचे दोन्ही हात. मला बघून म्हणाल्या, “ये. बस. दार लोटून घे.”

मी बसलेच नाही. उभ्याउभ्याच सगळं ओकले. एस. टी., पाहुणे, गठ्ठा, वडिलांची पावती. रडत होते, नाक पुसत होते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“मला कळलं होतं,” माझं संपल्यावर त्या म्हणाल्या.

“मंगळवारी ना. बाकावर.”

“त्याच्या आधीच्या बुधवारी. ‘डिस्डेन’ करायला घेतला होता. तोही त्याच घरातला, डेंटीचा चुलता म्हण. ताडून बघायला मी कपाटातून ‘डेंटी’ काढून घेतलं. खाली डावीकडं तू होतीस. मग खालची दहा-वीस बघितली. सगळीकडं तूच.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“मी बोलले असते तर काय झालं असतं, सांग बघू. सरांनी तुला उभं केलं असतं. खांबेटेबाईंच्या दोनशे कार्डांवर पोरीनं स्वतःची सही ठोकली, असं झालं असतं. चोरी. तू घसा फोडून सांगितलं असतंस तरी चोरीच. मग कुठल्या कॉलेजानं तुला दारात उभं केलं असतं? आणि तू बोलली असतीस तर? नुसती चूक. पाच मिनिटांत मिटली असती. म्हणून मी रोज बसून राहिले. चार दिवस बस सोडली.”

मी तिथंच जमिनीवर बसले.

“मी काही देवबाप्पा नाही सरोज,” त्या म्हणाल्या आणि आता त्यांचा आवाज चढला. “मला राग आलाय. तुझी मान मुरगाळावी इतका आलाय. समितीसमोर तोंड उघडत होतं माझं. पण मी तुझी तक्रार करायची आणि मग माझं नाव छापून आणायचं, हे मला गिळवेना. ते काम तुझं होतं. तू करायला पाहिजे होतंस ते.”

“मी उद्या जाते. सरांकडं जाते, सगळं सांगते.”

“जा.”

“खरंच जाते, ताई.”

“जा म्हटलं ना. पाणी निवलं, तेवढं बदलून दे मला आधी.”

मी पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, त्यांचे हात धरून आत सोडले. पंच्यानं पुसून दिले. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाटलं, झालं, आता सगळं जागेवर येणार.

जूनमध्ये यमुताई निवृत्त झाल्या. नारळ, शाल, दोन भाषणं. त्यातलं एक माझं. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“गेली होतीस ना सरांकडं? तेव्हा, त्या सोमवारी?”

“गेले होते.”

“मग?”

“ते म्हणाले, समितीचा निर्णय झालाय. आता बदलता येत नाही.”

“असं,” त्या म्हणाल्या. “गेलीस ना पण. ते महत्त्वाचं.” आणि माझा हात धरून जिना उतरल्या, एकेक पायरी.

दीड वर्षानं खंड आला. पहिल्या पानावर दप्तरदार सरांच्या खाली माझं नाव. प्रुफात सरांनी ‘डेंटी’चे एक सोडून सगळे अर्थ कापले होते, मान, मानाची गोष्ट, निवडक घास, सगळं गेलं. नाजूक आणि गोंडस राहिले. ताई असत्या तर भांडल्या असत्या. मी कुठल्या तोंडानं भांडणार? मी खाली सही केली. पुढं सर गेले, मी प्रमुख झाले, ‘एच’पर्यंत कोश नेला, दोन पुरस्कार घेतले. यमुताई चौऱ्याण्णव साली गेल्या. त्या असेपर्यंत दर दिवाळीला मी त्यांच्याकडं जात असे आणि त्या प्रत्येकाला सांगत, “ही सरोज. चुकली होती एकदा, पण आपण होऊन कबूल करायला गेली होती. अशी माणसं कमी असतात.” मी फराळाच्या ताटाकडं बघत बसायची.

त्या सोमवारचं मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही.

मी गेले होते, ते खरं. दहाला पाच कमी होते. सर एकटेच होते. मी दारातच सांगायला सुरुवात केली, “सर, ती कार्डं माझी नाहीत, खांबेटेबाईंची आहेत,” आणि शेवटपर्यंत सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“काय?”

“मिस माळी, एकोणीस वर्षं मी बाईंची वाक्यं वाचतोय. ‘डेंटी’ कुणी लिहिलं ते मला कोपरा बघून कळायचं आहे का? गठ्ठा सोडला त्याच दिवशी कळलं.”

“मग सर, तुम्ही समितीला…”

“मला कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? अजून दोन वर्षं रोज त्या बाईंशी भांडायचा मला उत्साह नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही ऐकता.” त्यांनी खण उघडला आणि एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वर पेन ठेवलं. “पण मी माणूस वाईट नाही. लिहून द्या. चार ओळी. मी आत्ता घैसासांना फोन लावतो, निर्णय अजून मंडळात गेलेला नाही, दुपारपर्यंत फिरेल. जागा बाईंची होईल. तुमची मुदत मार्चअखेर संपेल, शिफारसपत्र चांगलं देईन. नाहीतर ती खुर्ची ओढा आणि बसा. ‘ई’ची वाटणी करायची आहे.”

बाहेर ताईंच्या चपला वाजल्या. त्या आल्या होत्या. डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, खिडकी उघडल्याचा झाला.

कागद माझ्यासमोर होता. पेनाचं टोपण सरांनीच काढून ठेवलं होतं. चार ओळी लिहायला मला एक मिनिटही लागलं नसतं. माझं अक्षर चांगलं होतं.

मी कागद त्यांच्याकडं सरकवला आणि खुर्ची ओढून बसले.